बर्गिझेलचा वक्र

इन्सब्रुक (ऑस्ट्रिया), शनिवार, रात्री

बर्गिझेल टेकडीवरचा वास्तुकार झाहा हदीद यांचा स्की जंपचा, म्हणजे स्कीवरून उतारावर घसरत येऊन हवेत लांब झेप घेण्याच्या खेळाचा, मनोरा आज जवळून पाहिला आणि छायाचित्रांतून कधीच नीट न उमगलेली एक गोष्ट ध्यानात आली. या वास्तूचा सर्वांत देखणा भाग, म्हणजे वरून खाली झेपावणारा तो वक्र, वास्तुकाराने आपल्या मर्जीने काढलेलाच नाही. उतार किती तीव्र असावा, तो कोठे सौम्य व्हावा, उडीच्या टोकाशी कोन किती असावा, हे सारे भौतिकशास्त्र आणि खेळाचे नियम आधीच ठरवून टाकतात. 1999 मध्ये आराखड्यांची स्पर्धा जिंकलेल्या हदीद यांनी त्या बंधनाशी झगडा मांडला नाही; उलट तीच रेषा वर शिखरापर्यंत नेली आणि उपाहारगृह व प्रेक्षकसज्जा तिच्याच ओघात गुंफली.

1964 आणि 1976 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये वापरलेली उडीची जुनी जागा आता या नव्या मनोऱ्याची आहे. 2002 मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा सुमारे 50 मीटर उंच आहे. खाली काँक्रीटचा चौकोनी, निराभरण खांब आणि वर नागाने फणा काढावा तसा पोलादी माथा. मला तो खांबच अधिक भावला, कारण तो इतका संयमी नसता तर माथ्याचा डौल दिखाऊ वाटला असता.

लिफ्टने वर जाऊन काचेपाशी उभा राहिलो, तेव्हा खाली आडव्या दांडीवर बसलेला एक तरुण खेळाडू हातमोजे पुन्हापुन्हा घट्ट करीत होता. उन्हाळ्यात प्लास्टिकच्या चटयांवर सराव चालतो. त्याच्या समोर उतरण्याचा खोलगट उतार, त्यापलीकडे विल्टेनचे चर्च आणि दफनभूमी, मग शहर आणि शेवटी नॉर्डकेटे पर्वतरांगेचे कडे होते. माझ्या हातात कॉफीचा कप होता आणि तो खेळाडू मात्र पुढच्याच क्षणी दांडी सोडून निघून गेला. एकाच छताखाली निवांतपणा आणि जीव मुठीत धरण्याची घटका इतक्या जवळ आणणे मला मोठ्या धाडसाचे वाटते, आणि ते अजिबात उथळ झालेले नाही.

उद्या हदीद यांचीच 2007 मधली हुंगरबुर्ग या डोंगरी रेल्वेची स्थानके पाहणार आहे. तेथल्या काचेच्या छपरांना उडीच्या गणिताचे बंधन नव्हते. ती मोकळीक त्यांनी कशी वापरली, याची मला फार उत्सुकता आहे.