बांधीतून खाडीत: माझी गांडुळांची पीएचडी

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी झूलॉजीची एमएस्सी संपत आली होती. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातलं. पाणी म्हणजे वैनगंगा, गावाची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि गोसीखुर्दचा कालवा. २०१९ मध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली आणि रत्नागिरीकडच्या एका खाडीतले पॉलिकीट, म्हणजे गांडुळांचे समुद्रातले चुलतभाऊ, हा विषय घेतला. बाबा म्हणाले, "काऊन वं, गांडूळं मोजाले सरकार महिन्याले ३१ हजार देते?" देत होतं, पण वेळेवर नाही. पहिले पाच महिने मी मैत्रिणीच्या उधारीवर काढले. त्यामुळे आमच्याकडच्या पोरींना माझा पहिला सल्ला हाच, की सहा महिन्यांचं भाडं गाठीशी असू द्या.

मला धास्ती होती पाण्याची, आणि काम निघालं चिखलातलं. ओहोटीला चिखलावर २५ सेंटीमीटरची चौकट ठेवायची, आतला गाळ वीतभर खणायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा. मुंबईची पोरं गुडघ्यापर्यंत रुतायची, बूट आत सोडून यायची. मी भाताच्या रोवणीत वाढलेली. चिखलातून पाय काढताना आधी टाच उचलायची, हे बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, कोणी शिकवत नाही, येतंच. प्रयोगशाळेतही तसंच. गाळातले किडे दिसावेत म्हणून नमुना रोझ बेंगॉलनं गुलाबी करतात, मग ट्रेमध्ये चिमट्यानं एकेक वेचायचा. परातीत तांदूळ निवडणाऱ्या बाईला हे काय नवीन?

ओहोटीचं गणित मात्र शून्य होतं. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं, पण खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या एका मावशींनी सोपं करून सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तृतीयेला सव्वादोनला भरती आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी लांब ओसरतं आणि उजेडही भरपूर. हे आईला सांगितलं ती चूकच झाली. तिकडे भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिचा आदल्या रात्री फोन यायचा, "उद्या तीज हाय, लवकर झोप."

चुका सांगते, कारण त्या कुठल्या प्रबंधात छापून येत नाहीत.

पहिल्या खेपेला मी जिवंत किडे थेट फॉर्मलिनमध्ये टाकले. ते आक्रसले, वेटोळी झाली, बरेचसे तुटले. नेरीड कुळातल्या किड्याला आत-बाहेर होणारी सोंड असते, टोकाला दोन जबडे, आणि सोंडेवर खसखशीहून बारीक काळपट दाणे. कुठल्या भागात किती दाणे आणि ते कसे मांडलेले, यावर प्रजाती ठरते. सोंड आतच राहिली तर चिरून बघावं लागतं, आणि माझ्या हातून निम्मे तसेच वाया गेले. नंतर गाईडनं दाखवलं: लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं, किडे त्यात हळूहळू गुंगतात, मऊ पडतात. फॉर्मलिन त्यानंतर, आणि साठवायला ७० टक्के अल्कोहोल.

दुसरी चूक बॉलपेनची. चिठ्ठ्या बॉलपेननं लिहून बाटल्यांत टाकल्या. महिन्याभरानं बघते तर नऊ बाटल्यांत पांढरे कोरे कागद आणि निळसर अल्कोहोल. कुठली खाडी, कुठली तारीख, काही कळेना. नऊच्या नऊ बाद. त्या रात्री मी जेवले नाही. गाईड रागावले नाहीत, फक्त एक पेन्सिल टेबलावर ठेवून गेले. (रागावले असते तर बरं वाटलं असतं.)

मग मार्च २०२०. लॉकडाऊनमध्ये मी गावी, खाडी तिकडे. दर महिन्याच्या नमुन्यांची मालिका तुटली की वर्षाचं चित्र उरत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावात बसून निदान वाचन झालं. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी किड्यांना युरोपातल्या प्रजातींची नावं चिकटवलेली आहेत, आणि नीट तपासलं की त्यातली काही वेगळीच निघतात, हे तेव्हा लक्षात आलं. वीज रात्रीच टिकायची, म्हणून दिवसा भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रात्री पेपर.

प्रबंध २०२४ मध्ये दिला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकाच बाटलीवर अर्धा तास घेतला. त्यातल्या नेरीडाचे दाणे युरोपातल्या वर्णनाशी जुळत नव्हते, आणि माझ्याकडे असे तीनच किडे होते, त्यातले दोन तुटके. नवी प्रजाती म्हणायला तेवढे पुरत नाहीत. ते म्हणाले, अजून गोळा करा.

ती बाटली माझ्या कपाटात आहे. चिठ्ठीवर खाडीचं नाव, तारीख आणि 'नेरीड, प्रजाती अनिश्चित', पेन्सिलीनं. येत्या तृतीयेला परत जाते आहे. आईचा फोन कालच येऊन गेला.