झेंड्यामागून नारा

हातातला छोटा झेंडा उंच धरून पुढे चाललेला मार्गदर्शक आणि त्याच्या मागे घड्याळाकडे पाहत पाय उचलणारा माणसांचा घोळका, हे दृश्य दिसले की स्वतःच्या बळावर हिंडणाऱ्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर हलकासा दयाभाव उमटतो. त्याच्या मते ही माणसे स्थळे पाहत नाहीत, स्थळांवर हजेरी लावतात. या मतात तथ्य नाही असे नाही. पण जपानमधल्या नारा या शहरापुरते तरी मला ते मान्य नाही. ओसाकाहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणून सोडणाऱ्या एका बससहलीने मी नारा पाहिले आणि तिथली प्रचंड बुद्धमूर्ती घोळक्यातूनच पाहण्यासारखी आहे, असे माझे मत झाले.

ओसाका ते नारा हा रस्ता जेमतेम तासाभराचा आहे आणि तेवढ्या वेळात मार्गदर्शक बाईंनी आठव्या शतकाचा बराचसा भाग उरकला. इसवी सन ७१० ते ७८४ या काळात बहुतेक सर्व वर्षे जपानची राजधानी नारा इथे होती, तेव्हा तिचे नाव हेइजो-क्यो होते आणि शहराची आखणी चिनी राजधानीच्या धर्तीवर केलेली होती, एवढे सांगून त्या थांबल्या असत्या तरी चालले असते. परंतु बसमध्ये काही भारतीय आहेत हे पाहून त्यांनी आवर्जून आणखी एक गोष्ट सांगितली. ७३६ साली बोधिसेन नावाचा एक भारतीय भिक्षू चीनमार्गे जपानला आला, तो उतरला नानिवा बंदरात, म्हणजे आजच्या ओसाकात, आणि तिथून नाराला गेला. आमची बस त्याच दिशेने चालली होती. पुढच्या आसनावरच्या काकूंनी डबा उघडून चकल्या फिरवायला सुरुवात केली होती, तरी त्या क्षणी त्यांचाही हात थांबला.

नाराच्या हरणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण त्यांचीच छायाचित्रे दाखवतो. कासुगा ताइशा या शिंतो देवस्थानाचा एक देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी श्रद्धा असल्यामुळे ही हरणे देवदूत मानली जातात आणि बाराशेच्या वर हरणे गावात मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी कोंडा आणि पीठ यांची बिनसाखरेची बिस्किटे विकत मिळतात. ती हातात दिसली की हरणे मान लववून नमस्कार करतात आणि नमस्काराला प्रतिसाद मिळाला नाही तर सदऱ्याचे टोक ओढतात.

खरी सहल सुरू होते ती तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारापाशी. हे द्वार ११९९ साली पुन्हा उभारलेले असून त्याच्या दोन बाजूंना साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचे दोन लाकडी द्वारपाल उभे आहेत. उन्केइ आणि काइकेइ या शिल्पकारांनी आपल्या सहकाऱ्यांसह १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत ते घडवले. एकाच ओंडक्यातून कोरण्याऐवजी हजारो तुकडे जोडून केलेले हे काम आहे, म्हणूनच इतक्या हातांना ते एकाच वेळी करता आले. या द्वारपालांसमोर आम्हांला पाच मिनिटेही मिळाली नाहीत, आणि झेंडेवाल्या सहलीवर राग धरायचाच असेल तर तो मी या जागी धरीन. दंडाच्या आणि पोटाच्या ताणलेल्या स्नायूंवरून नजर फिरवायलाच तेवढा वेळ जातो. चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो झेंडा पुढे गेलेला असतो.

मग महाबुद्धाचे सभागृह. आत बसलेली वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे, तिचा एकेक डोळा मीटरभर लांब आणि कान अडीच मीटरचा आहे. हे आकडे आधी ऐकलेले असतात आणि आत पाऊल टाकल्यावर ते कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. मूर्ती अंधारट आहे, काळपट आहे, आणि उजवा तळहात असा पुढे धरलेला आहे की सर्वांत आधी नजर त्या हातावरच जाते. आमच्या घोळक्यातल्या एका काकांनी, टोपी काढून नमस्कार झाल्यावर, प्रवासी माणसाला पडणारा प्रश्न सरळ विचारला: ही मूर्ती अस्सल जुनी आहे का?

मार्गदर्शक बाईंचे उत्तर ऐकण्यासारखे होते, कारण त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मूर्तीचे ओतकाम ७४७ ते ७४९ या काळात खालून वर टप्प्याटप्प्याने झाले. ८५५ साली भूकंपानंतर डोके गळून पडले. ते पुन्हा बसवले. ११८० साली युद्धात मंदिर जाळले गेले आणि मूर्ती वितळली. चोगेन नावाच्या वृद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून आणि चीनहून आलेल्या ओतारी कारागिराची मदत घेऊन ती उभी केली. १५६७ साली पुन्हा युद्ध आणि पुन्हा आग. त्यानंतर घाईघाईने बांधलेला तात्पुरता निवारा १६१० साली वादळात कोसळला आणि महाबुद्ध कित्येक दशके ऊनपाऊस सोसत उघड्यावर बसून राहिला. अखेर कोकेइ या भिक्षूने पुन्हा गावोगाव फिरून निधी जमवला, १६९२ साली दुरुस्त मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला आणि १७०९ साली सध्याचे सभागृह पूर्ण झाले. ते पाहायला कोकेइ मात्र उरला नव्हता. म्हणजे आपण ज्याच्याकडे मान वर करून पाहतो ते डोके सतराव्या शतकातले आहे, आणि आठव्या शतकाचा अंश पाहायचा तर खाली, आसनाच्या कमळाच्या पाकळ्यांकडे पाहावे लागते. जुन्या पाकळ्यांवर बुद्धाच्या विश्वांची बारीक रेखाचित्रे कोरलेली आहेत. काका लगेच खाली वाकून पाकळ्या पाहू लागले.

आपल्याकडच्या माणसाला हे उत्तर पचायला वेळ लागतो, कारण प्राचीन म्हणजे दगड अशी आपल्या डोळ्यांची सवय आहे. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची सात मीटर लांब मूर्ती ज्या खडकातून निघाली त्याच खडकात आजही पहुडलेली आहे. तिला कोणी पुन्हा ओतले नाही, जोडले नाही, दुसरीकडे हलवले नाही. जपानचे प्राचीनत्व लाकडाचे आहे आणि लाकडाचे वैर आगीशी. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती आजवर टिकून आहेत, पण तिथल्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रे, ज्यांतल्या बोधिसत्त्वांची तुलना अजिंठ्याच्या पद्मपाणीशी नेहमी केली जाते, २६ जानेवारी १९४९ रोजी लागलेल्या आगीत होरपळली. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. जिथे वस्तू अशा सहज जातात तिथे जुनेपणाचा हिशेब वस्तूच्या वयावर ठेवून चालत नाही. ती पुन्हा उभी करणाऱ्या माणसांची साखळी तुटली की नाही, हेच पाहावे लागते.

तोदाइजीत ती साखळी मुळातच गर्दीची आहे. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीने जपानमध्ये प्रचंड मनुष्यहानी झाली होती, दरबारातले चार बलाढ्य भाऊ एकाच वर्षात गेले होते, आणि अशा हवालदिल काळात सम्राट शोमू यांनी ७४३ साली महाबुद्धाच्या निर्मितीची घोषणा केली. देशातली संपत्ती आणि सत्ता माझ्याच हाती आहे, हे त्या घोषणेत सम्राट सांगतातच; पण त्याच घोषणेत पुढे असेही येते की कोणाला गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणून हातभार लावावासा वाटला तर त्याला लावू द्यावा, आणि अधिकाऱ्यांनी या निमित्ताने लोकांकडून सक्तीने काही उकळू नये. हे काम लोकांपर्यंत नेण्यासाठी ग्योकी या भिक्षूला बोलावले गेले. गंमत अशी की पूल आणि तलाव बांधत, रस्त्यावर प्रवचने देत फिरणाऱ्या याच ग्योकीवर तो माणसे जमवतो म्हणून काही वर्षांपूर्वी सरकारनेच बंदी घातली होती. सुमारे ५०० टन तांबे लागलेले हे काम माणसे जमवता येणाऱ्याशिवाय होणारे नव्हते, हे सरकारला उशिरा का होईना कळले.

या मूर्तीसमोर एकांत हवा, शांतता हवी, गर्दी नको, अशी तक्रार करणाऱ्याला म्हणूनच मला काही सांगावेसे वाटते. दहा जणांच्या ध्यानासाठी कोणी एवढी मूर्ती ओतत नाही. पंधरा मीटरचा बुद्ध हा मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा म्हणून असतो. आणि वाट दाखवणारा माणूस ही काही आजच्या पर्यटन कंपन्यांनी काढलेली सोय नव्हे. आपल्याकडे काशीला पंडे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्ये यात्रेकरूची राहण्याची, विधीची आणि गोष्टी ऐकवण्याची व्यवस्था करत आले, तशीच इसे या शिंतो देवस्थानाच्या यात्रेला निघालेल्या जपानी माणसांची व्यवस्था ‘ओशी’ म्हणवणारे पुरोहित करत असत, आणि त्या यात्रेतून परतताना अनेक जण नाराही करून जात. त्यांच्यासाठी नाराचे छापील नकाशे विकले जात असत. झेंडा तेवढा नवीन आहे.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र ७५२ सालचा आहे. त्या वर्षी महाबुद्धाचे डोळे रेखून मूर्तीत प्राण जागवण्याचा सोहळा झाला. शोमू तेव्हा सिंहासनावरून उतरलेले होते आणि त्यांची प्रकृती साथ देत नव्हती, तेव्हा डोळे रेखण्याचा मान बसमध्ये उल्लेख झालेल्या त्याच बोधिसेनाला मिळाला. ग्योकी तीन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. बोधिसेनाच्या हातातल्या कुंचल्याला निळी रेशमी दोरी बांधलेली होती आणि तिचे टोक खाली जमलेल्या मंडळींच्या हातात होते, जेणेकरून डोळे रेखण्याचे पुण्य दोरी धरणाऱ्या प्रत्येकाला लाभावे. एक माणूस डोळे रेखतो आणि ते सगळ्यांनी रेखले असे ठरते. हा कुंचला आणि ही दोरी पूर्वी मंदिराच्या असलेल्या शोसोइन या भांडारात आजही जपलेली आहे. चोगेनच्या काळात, ११८५ साली, मूर्तीचे डोळे दुसऱ्यांदा रेखले गेले तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी हाच जुना कुंचला हातात घेतला होता. काकांच्या अस्सलपणाच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही.

सभागृहातून बाहेर पडताना लाल टोपी आणि लाल वस्त्र ल्यायलेली एक लाकडी बैठी मूर्ती दिसते. जपानी लोक तिला बिन्झुरू म्हणतात. हा बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. चमत्कार दाखवल्याबद्दल बुद्धाने त्याची कानउघाडणी केली होती, आणि त्यामुळेच तो सभागृहाच्या आत न बसता बाहेर बसतो असे सांगतात. आपले जे अंग दुखते ते त्याचे अंग चोळावे आणि मग स्वतःचे चोळावे, अशी तिथली रीत आहे. हे कळल्याबरोबर आमच्या घोळक्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी पिंडोलाच्या गुडघ्यांचा ताबा घेतला. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या मार्गदर्शक बाईंनी या कार्यक्रमाला मात्र घड्याळ लावले नाही, हे त्यांच्या अनुभवाचे लक्षण.

सहलीत काय निसटते, हेही सांगायला हवे. सभागृहापासून पूर्वेकडची चढण थोडी चढून गेले की सांगात्सुदो लागते. या मंदिराचा मुख्य भाग खरोखरच आठव्या शतकातला आहे आणि आतल्या मोठ्या मूर्तीही बहुतेक त्याच काळच्या, लाखेच्या थरांनी घडवलेल्या आहेत. त्याच्या शेजारच्या निगात्सुदोच्या सज्जातून सगळे नारा दिसते. ज्यांना वयाने जुने ते पाहायचे असते त्यांच्यासाठी खरी जागा ही, आणि आमच्या बसच्या वेळापत्रकात नेमकी हीच नव्हती. उलट दुपारी कासुगा ताइशाच्या हजारो दिव्यांच्या रांगांमधून आम्हांला निवांत हिंडू दिले गेले. तिथले दगडी दिवे सुंदर आहेत, पण शंभर पाहिल्यावर पुढचा दिवा वेगळे काही सांगत नाही.

बोधिसेन भारतात परतला नाही. ७६० साली त्याचे नारामध्येच निधन झाले आणि शहराच्या पश्चिमेकडच्या र्योसेनजी मंदिराच्या आवारात त्याची समाधी दाखवतात. परतीच्या बसमध्ये मी मार्गदर्शक बाईंना विचारले की सहली तिकडे का जात नाहीत. त्यांनी स्वच्छपणे सांगितले की तिथे मोठी मूर्ती नाही, त्यामुळे कोणी मागणी करत नाही. रेल्वेने तोमिओ स्थानकावर उतरून पुढे स्थानिक बसने जाता येते, आणि मंदिरात एक गुलाबांची बाग आहे तिचा बहर मे महिन्यात असतो, म्हणून जायचेच असेल तर तेव्हा जावे.