१२० पिक्सेलांत मावणारं कव्हर : माझा अनुभव

माझ्या गेमचं कव्हर पहिल्यांदा करताना मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली. आधी मोठ्या कॅनव्हासवर चित्र रंगवलं, मग उरलेल्या जागेत नाव बसवलं आणि शेवटी हव्या त्या मापांत कापाकापी केली. स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकणाऱ्या बहुतेकांचा क्रम हाच असतो. अख्खं कव्हर पुन्हा करावं लागतं तेही बहुधा याच क्रमामुळे.

दुकानात दिसणाऱ्या कव्हरला स्टीम ‘कॅप्सूल’ म्हणतं आणि त्याची चार मुख्य मापं लागतात, सगळी पिक्सेलांत. हेडर कॅप्सूल ९२० × ४३०, स्मॉल ४६२ × १७४, मेन १२३२ × ७०६ आणि व्हर्टिकल ७४८ × ८९६. खरेदी झाल्यावर गेम ज्या लायब्ररीत दिसतो तिथलं कव्हर ६०० × ९०० चं असतं. आकड्यांपेक्षा त्यांची प्रमाणं पाहा. स्मॉल कॅप्सूलची रुंदी उंचीच्या अडीचपटीहून जास्त आहे आणि लायब्ररीचं कव्हर रुंदीच्या दीडपट उंच. एकाच चित्राचे तुकडे पाडून दोन्ही साधत नाहीत. आडव्यात डोकं कापलं जातं, उभ्यात बाजूचा अर्धा प्रसंग. म्हणून पात्र, मुख्य वस्तू, मागचा देखावा, प्रकाश आणि लोगो (गेमचं नाव) वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या सुट्या थरांवर, ठेवायचे आणि प्रत्येक मापात नव्याने मांडायचे. पात्रामागचा देखावासुद्धा पूर्ण रंगवलेला हवा. नाहीतर पात्र जरा सरकवलं की मागे पांढरं भोक उघडं पडतं.

सगळ्यात छळतो तो स्मॉल कॅप्सूल. शोधाच्या यादीत आणि अशाच दाटीच्या जागी तो दिसतो, आणि त्यातून आपोआप १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशी आणखी लहान रूपं तयार होतात. ४६२ चं १२० होतं म्हणजे प्रत्येक रेघ ३.८५ पटीने बारीक होते. लोगोतल्या अक्षराची काडी ४ पिक्सेल जाड असेल तर शेवटी जेमतेम एक पिक्सेल उरतो आणि तोही आजूबाजूच्या रंगात मिसळतो. मी किमान ८ पिक्सेल धरते, म्हणजे खाली दोन तरी उरतात. अक्षरांमधल्या फटींनाही हाच हिशोब लावायचा. त्या बुजल्या की जाड अक्षरंही एकमेकांना चिकटून ठोकळा होतो.

म्हणून आता मी लोगोपासून सुरुवात करते, तोही व्हेक्टरमध्ये (म्हणजे लहान-मोठा केला तरी कड बिघडत नाही) आणि एकाच रंगात. चमक, भेगा, गंज हे सगळं नंतर. १२० पिक्सेलांवर काळ्या-पांढऱ्यात नाव वाचता येत नसेल, तर कुठलाही इफेक्ट ते वाचनीय करत नाही. उलट प्रत्येक बेव्हल (उठावदार कड) आणि सावली अक्षराची कड आणखी भुरकट करते. नाव लांब असेल तर दोन ओळी कराव्यात आणि महत्त्वाचा शब्द मोठा करावा. स्मॉल कॅप्सूलमध्ये लोगोने जवळपास सगळी जागा घेतली तरी चालते, किंबहुना घ्यावीच. तिथे चित्र म्हणजे मागचा रंग आणि एखादी ओळखीची आकृती, एवढंच. उपशीर्षक असेल तर या आकारात ते वाचलं जाईल ही आशा सोडावी.

आता चित्राकडे. गेम असा आहे : वादळी रात्री दीपस्तंभाच्या दिव्याचा झोत फिरवायचा आणि जहाजं खडकांपासून वाचवत बंदरात आणायची. पहिल्या चित्रात काळं आभाळ होतं, दूरवर दीपस्तंभ आणि पुढे पाठमोरा राखणदार. मोठ्या आकारात त्यात वातावरण होतं. लहान आकारात मात्र राखाडी पट्टीवर एक राखाडी ठिपका दिसायचा. त्याहून वाईट म्हणजे गेम माहीत नसलेल्या लोकांना ही भयकथा वाटली. पाठमोरं पात्र आणि दूरची इमारत यांतून खेळाडू काय करतो हे कळतच नाही. तो उभा आहे, एवढंच कळतं.

दुसऱ्या खेपेला मी एक क्रियापद ठरवलं : झोत फिरवणं. पुढे दिव्याच्या मुठीवर घट्ट आवळलेला हात, तिथून चित्र तिरकं कापत जाणारा पिवळा झोत आणि झोताच्या टोकाशी खडकाला घासता घासता राहिलेलं जहाजाचं नाक. बाकी सगळं निळ्या-काळ्यात ढकललं. पाऊसही काढून टाकला, कारण लहान आकारात पावसाच्या बारीक रेघा चित्रावर धूळ बसल्यासारख्या दिसत होत्या. झोताच्या तिरप्या रेषेमुळे वरचा एक त्रिकोण आपसूक मोकळा राहिला आणि लोगो तिथे बसला. लोगोसाठी जागा आधी राखायची, मागाहून शोधायची नाही.

स्टीमचं पान गडद निळसर आहे. कडेपर्यंत काळं असलेलं कव्हर त्या पानात विरघळून जातं. चौकट काढायची गरज नाही. कडांना मधला निळा ठेवला आणि प्रकाश एखाद्या कडेपर्यंत नेला की आकार सुटा दिसतो. डावा-वरचा कोपराही मोकळा ठेवा. गेम इच्छायादीत किंवा लायब्ररीत असेल तर तशी पट्टी तिथे चढते आणि नावाचं पहिलं अक्षर झाकलं जाऊ शकतं.

पिक्सेल आर्टवाल्यांसाठी, म्हणजे मोजक्या चौकोनी ठिपक्यांतून चित्र काढणाऱ्यांसाठी, वेगळी सूचना. गेममधलं स्प्राइट, म्हणजे पात्राचं किंवा वस्तूचं छोटं चित्र, चौपट मोठं करून कव्हरवर लावलं आणि दुकानाने ते ३.८५ पटीने लहान केलं, की काही पिक्सेल जाड, काही पातळ आणि सगळ्याच कडा मऊ होतात. कव्हरसाठी मोठ्या, स्वच्छ आकारांत वेगळं चित्र काढावं. मात्र शैली गेमपासून इतकी दूर नेऊ नये की पहिला स्क्रीनशॉट पाहून फसवणूक वाटेल.

चाचणीच्या वेळी कव्हर एकटं पाहायचं नाही, एकटं असताना ते नेहमीच चांगलं दिसतं. त्याच प्रकारच्या गेमची यादी उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यात आपलं कव्हर खऱ्या आकारात चिकटवायचं. मग चित्र ग्रेस्केल करायचं, म्हणजे रंग काढून फक्त करड्या छटा ठेवायच्या. लोगो आणि त्यामागचा भाग एकाच करड्या छटेत गेले, तर रंग कितीही वेगळे असोत, कॉन्ट्रास्ट नाही. माझा नारिंगी लोगो निळ्या आभाळावर खुलून दिसायचा, पण ग्रेस्केलमध्ये जवळपास गायब झाला. आभाळ दोन छटा गडद केल्यावर तो सुटला. शेवटी ओळखीच्यांना कव्हर दोनेक सेकंद दाखवून झाकायचं आणि विचारायचं, ‘यात काय करायचं असेल?’ ‘आवडलं का?’ असं कधीच विचारू नये. आवडलंच म्हणतात, आणि त्यातून हाती काही लागत नाही.

नियमांचा भाग थोडक्यात. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कारांची चिन्हं, समीक्षेतली वाक्यं, सवलतीचा मजकूर चालत नाही. मोठ्या अपडेटची घोषणा करायची असेल तर ठरावीक मुदतीचं वेगळं कव्हर लावता येतं. चित्र सर्वसाधारण लोकांसमोर ठेवता येईल असं हवं, गेम प्रौढांसाठी असला तरी. लायब्ररीच्या वरच्या ३८४० × १२४० च्या रुंद चित्रावर अक्षर नको, कारण लोगो त्यावर पारदर्शक पीएनजी म्हणून वेगळा चढतो. त्या चित्राच्या मधला ८६० × ३८० चा भाग कुठल्याही खिडकीत कापला जात नाही, महत्त्वाचं ते तिथेच ठेवावं. इच.आयओ या गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानासाठी ६३० × ५०० चं वेगळं कव्हर करावं लागतं.

चित्रकाराकडून काम करून घेणार असाल तर लेयरसकट मूळ फाइल, सगळी मापं आणि वापराचे हक्क पहिल्याच बोलण्यात लिहून ठरवा. सपाट जेपीजी हातात आली की पुढचं प्रत्येक माप म्हणजे नवं काम. आणि ‘वातावरण गूढ हवं’ एवढ्यावर कुणालाही कामाला लावू नका. क्रियापद, लोगोची जागा आणि १२० पिक्सेलांचा कच्चा नमुना द्या.

फाइल एसआरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत पीएनजी म्हणून काढते. जेपीजीच्या कॉम्प्रेशनमध्ये रंगांचा तपशील आधी जातो, त्यामुळे गडद लाल अक्षरांच्या कडा खरखरीत होतात.

कव्हर बदलल्यावर स्टीमवर्क्सच्या (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या भागाच्या) ट्रॅफिक अहवालात इंप्रेशन (कव्हर किती वेळा दिसलं) आणि भेटी (गेमचं पान किती वेळा उघडलं) यांचं गुणोत्तर पाहते, बदलाआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन. त्या काळात सेल, महोत्सव किंवा ट्रेलर असं दुसरं काही आलं तर तुलना बाद, पुन्हा साधे दोन आठवडे मिळेपर्यंत थांबायचं. जुन्या फाइल्स तारखेसह जपून ठेवते, गुणोत्तर घसरलं तर त्याच दिवशी आधीचं कव्हर परत चढवता येतं.