कुजणे, उगवणे आणि भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा

साधे राहायचे ठरवले तेव्हा मी सर्वांत आधी घरातील वस्तू कमी केल्या. कपाटे रिकामी झाली, भिंती मोकळ्या झाल्या, आणि पुढचे काही आठवडे त्या मोकळेपणाचे मला फार अप्रूप वाटत राहिले. वर्ष सरायच्या आत मात्र कपाटे पुन्हा भरली. यामागचे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. मी वस्तू बाहेर काढल्या होत्या, पण ज्या वेळात त्या घेतल्या जात, तो वेळ जसाच्या तसा रिकामा राहिला होता. संध्याकाळी हाताला काम नसेल आणि डोळ्यांना पाहण्याजोगे काही नसेल, तर माणूस काहीतरी विकत घेत बसतो. पुढे जे थोडेफार साधेपण माझ्या वाट्याला आले ते नेमके उलट्या वाटेने आले. आधी दिवस भरू लागला आणि मग वस्तू एकेक करून मागे पडल्या.

सुरुवात खताच्या बादलीपासून झाली. भोके पाडलेली एक जुनी बादली, तिच्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वर झाकण, एवढीच माझी तयारी होती. तिसऱ्या आठवड्यात तिला असा दर्प येऊ लागला की झाकण उघडण्याची हिंमत होईना. तळाशी काळपट पाणी साचले होते आणि वरच्या थरात अळ्या वळवळत होत्या. सगळे फेकून देण्याआधी निदान काय चुकले ते समजून घ्यावे, म्हणून मी वाचायला बसले, आणि तेव्हापासून माझ्या मनात ‘सडणे’ आणि ‘कुजणे’ हे दोन शब्द कायमचे वेगळे झाले. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन मुबलक असतात, पण त्या गच्च लगद्यात हवा शिरत नाही. मग हवेवाचून जगणारे जीवाणू माजतात आणि कचरा सडतो. त्याच कचऱ्यात कोरडा पाचोळा मिसळला की कार्बन मिळतो, पानांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा खेळू लागते, आणि प्राणवायूवर जगणारे जीवाणू तोच कचरा दर्पाशिवाय कुजवतात. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग असावेत असे शास्त्र सांगते. मी मात्र एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन-तीन वाट्या पाचोळा घालते आणि मूठ दाबून पाहते. घट्ट दाबल्यावर बोटांतून एखादाच थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर तसाच राहावा, इतकी ओल पुरेशी असते.

काही महिन्यांनी बादलीच्या तळातून जे निघाले, ते मी बराच वेळ हातात धरून बसले होते. साल, देठ, पान यांपैकी काहीच ओळखू येत नव्हते. गडद तपकिरी, भुसभुशीत, किंचित गार, आणि पहिल्या पावसात जमिनीला येतो तोच वास. या वासामागे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. मातीतले काही जीवाणू ते तयार करतात आणि माणसाचे नाक त्याबाबत विलक्षण तीक्ष्ण असते. हे कळल्याने त्या वासातली जादू उणावली नाही, उलट वाढली. माझ्याच घरच्या टाकाऊतून हा वास तयार झाला होता आणि मी फक्त पाचोळा घालून वाट पाहिली होती.

तेच खत कुंड्यांत घातल्यावर काही दिवसांनी माती उकरताना पहिले गांडूळ दिसले. ते कोठून आले मला माहीत नाही. मातीवर बारीक, शेवयांच्या गुंतवळ्यासारखी विष्ठा दिसू लागली आणि मी रोज सकाळी ती पाहायला जाऊ लागले. चार्ल्स डार्विनने या जीवाविषयीचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि त्यावरचे पुस्तक १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या काही महिने आधी, प्रसिद्ध केले. गांडुळांना आवाजाने काही फरक पडत नाही, पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला की ती कंपनाने दचकून बिळात शिरतात, हे त्याने पाहून ठेवले होते. जगभर कीर्ती झालेल्या माणसाला म्हातारपणीही कुंडीतल्या गांडुळांसमोर बसावेसे वाटले, याचा मला मोठा आधार वाटतो.

हे लिहिताना मला जंगलात झोपडी बांधून राहायचे वेड लागलेले नाही. वीज, औषधे आणि नळाचे पाणी मला हवेच आहे, आणि ते सोडणे म्हणजेच साधेपण असे सांगणाऱ्यांशी माझे पटत नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेला कोणीही दिव्याच्या बटणाला नावे ठेवणार नाही. पण रात्री उशिरापर्यंत पडद्याचा प्रखर उजेड डोळ्यांसमोर ठेवण्याची माझी सवय मात्र सुटली, आणि ती सकाळमुळे सुटली.

पूर्वेच्या खिडकीतून पहिला किरण समोरच्या भिंतीवर नेमका कोठे पडतो, तेथे मी दर रविवारी पेन्सिलीने एक बारीक खूण करते आणि शेजारी तारीख लिहिते. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेत घोकलेले असते. पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, उगवतो. त्या दिवसांत उगवतीची जागा रोज जवळपास सूर्यबिंबाच्या रुंदीइतकी सरकते, म्हणून तेव्हाच्या खुणा लांब लांब पडल्या आहेत. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांपाशी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसापाशी, मात्र सरकणे इतके मंदावते की दोन-तीन आठवड्यांच्या खुणा एकमेकींवर चढल्या आहेत, आणि तेथे तारखा लिहायला जागा उरलेली नाही. ही खूण चुकू नये म्हणून मी लवकर उठू लागले, लवकर उठायचे म्हणून लवकर झोपू लागले. संध्याकाळचा तो रिकामा वेळ, ज्यात मी खरेदी करत असे, आता पाचोळा चुरण्यात, कुंड्यांना पाणी घालण्यात आणि आज चंद्र कालच्यापेक्षा किती उशिरा उगवला हे पाहण्यात जातो. हा उशीर रोज सरासरी ५० मिनिटांचा असतो, हे मी पूर्वी वाचले होते, पण आता ते मला अंगणातूनच कळते.

भिंतीला रंग द्यायची वेळ केव्हाच येऊन गेली आहे. घरच्यांनी दोनदा आठवणही करून दिली. खुणांची ती पट्टी तेवढी सोडून बाकीची भिंत रंगवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.