डायव्हर्जनची फी : ४९० कोर्टात, १५० दुसरीकडे, आणि माझे १५० कुठे अडकले

दारू पिऊन गाडी चालवल्याची माझी केस संपून तीन महिने झाले तरी कोर्टातल्या फी भरायच्या त्या एका खिडकीचा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय. कोणाला तरी उपयोग होईल.

मी अमेरिकेत ऑरेगन राज्यात राहतो. दीड वर्षापूर्वी एका मित्राकडून रात्री घरी येताना पोलिसांनी थांबवलं, ब्रेथ टेस्ट (श्वासातल्या दारूची तपासणी) ०.०८ च्या वर गेली. चूक पूर्णपणे माझी होती. कोणाला काही झालं नाही, ही देवाची कृपा, एवढंच म्हणतो.

इथे पहिली वेळ असेल तर कोर्टात डायव्हर्जनचा, म्हणजे शिक्षेऐवजी ठरावीक अटी पाळून केस मिटवण्याचा अर्ज करता येतो. मागच्या १५ वर्षांत असं काही केलेलं नसावं, कोणाला इजा झालेली नसावी, कमर्शियल लायसन्स नसावं, अशा अटी आहेत. अर्जासोबतच गिल्टी (गुन्हा कबूल) किंवा नो कॉन्टेस्ट (आरोपाला विरोध नाही) असं लिहून द्यावं लागतं, मग एक वर्ष सगळं नीट पार पाडलं की केस डिसमिस, आणि नाही पाडलं तर खटला न चालता थेट शिक्षा. अर्ज पहिल्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत. वकील, फॉर्म, जज्जसमोर उभं राहणं हे सगळं एका सकाळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडकलं ते पैशात.

माझी केस शहराच्या म्युनिसिपल कोर्टात होती. खिडकीवर गेलो, हातातल्या कागदावर दोन आकडे होते, ४९० डॉलर फायलिंग फी (अर्जाची) आणि १५० डॉलर असेसमेंट फी (दारूच्या सवयीच्या तपासणीची). मी दोन्हीची बेरीज करून ६४० चं कार्ड पुढे केलं आणि खिडकीतल्या बाईंनी ते घेतलं. पावती आली, पातळ थर्मल कागदाची, त्यावर एकच ओळ, एकच आकडा. मी खिशात घातली आणि सुटलो असं वाटून बाहेर आलो.

आठवड्याने असेसमेंटवाल्यांना अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर ते म्हणाले तुमचे पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. आणि ते बरोबर होतं. कायद्यात तसंच आहे, हे १५० कोर्टात भरायचेच नसतात, जी संस्था तुमची तपासणी करते तिला थेट द्यायचे असतात. म्हणजे माझे १५० जिथे जायलाच नको होते तिथे गेले होते. परत कोर्टात गेलो. खिडकीवर सांगितलं की पैसे आता आमच्याकडे नाहीत, सिटी फायनान्सकडे गेले. फायनान्सकडे गेलो तर ते म्हणाले कोर्टाचा रिफंड कोर्टानेच सुरू करायचा असतो. परत कोर्ट. मग व्हॉइसमेल. मग ‘संबंधित व्यक्ती सुट्टीवर आहे’. ऑफिसमधून अर्धा अर्धा दिवस काढून मी चार वेळा गेलो, आणि दर वेळी कारण विचारलं की काय सांगायचं हा प्रश्न, कारण ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं.

शेवटी बाबांना फोन केला. तोपर्यंत त्यांनाही सांगितलेलं नव्हतं, ते सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते आधी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी पैशाचं विचारलं. बाबा नगरपालिकेत लेखा विभागात होते, आयुष्य त्यातच गेलं त्यांचं. म्हणाले, "अरे, पैसे परत द्या असं नुसतं म्हणून कोण देणार? कुठल्या लेखाशीर्षाखाली जमा झाले ते विचार आधी. तिथलाच क्लार्क काढू शकतो."

हा एक प्रश्न मी महिनाभर विचारलाच नव्हता.

मग मी बसून कायदा वाचला आणि तेव्हा कुठे कळलं की ४९० सुद्धा एका जागी जात नाहीत. केस काउंटीच्या सर्किट कोर्टात असेल तर सगळे ४९० राज्याच्या क्रिमिनल फाइन अकाउंटमध्ये जातात. पण म्युनिसिपल किंवा जस्टिस कोर्टात भरले तर २९० राज्याला पाठवायचे आणि उरलेले २०० शहराच्या किंवा काउंटीच्या तिजोरीत. राज्याच्या त्या खात्यातून पोलिसांचं ट्रेनिंग, गुन्ह्याला बळी पडलेल्या लोकांना भरपाई, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या दारूच्या ट्रीटमेंटसाठी पैसे दिले जातात. शहराने २०० ठेवणं मला योग्य वाटतं, कोर्ट, जज्ज, क्लार्क सगळं शहरच चालवतं ना. माझा राग त्यावर नाहीच. राग यावर आहे की पावतीवर हे काही नसतं. २९० इकडे, २०० तिकडे, अशा दोन ओळी छापल्या असत्या तर वरचे १५० कुठल्याच ओळीत बसत नाहीत हे त्या खिडकीतच दिसलं असतं, त्यांनाही आणि मलाही.

पाचव्या वेळी गेलो तेव्हा पावती दाखवून विचारलं, यातले राज्याचे किती, शहराचे किती, आणि बाकीचे १५० कुठल्या कोडवर आहेत. त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवला. सगळे ३५० शहराच्या खात्यावर पडले होते. दहा मिनिटांत रिफंडचा फॉर्म हातात. पैसे यायला मात्र अजून सात आठवडे लागले, आणि मधल्या काळात असेसमेंट अडू नये म्हणून मी खिशातून परत १५० भरले होते.

पावतीचा लगेच फोटो काढून ठेवा, माझी अर्धी पुसट झाली होती.

पैसे नसतील तर अर्ज करतानाच फी माफ किंवा पुढे ढकलण्याची विनंती करता येते. हे मला रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका मुलीमुळे कळलं, तिला हप्ते मिळाले.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, लायसन्सचं प्रकरण डायव्हर्जनपेक्षा वेगळं आहे. अटक झाल्यापासून १० दिवसांत डीएमव्हीकडे (इथलं आरटीओ) सुनावणी मागितली नाही तर ३० व्या दिवसापासून लायसन्स बंद होतं, टेस्ट फेल असेल आणि पहिली वेळ असेल तर ९० दिवस. मी ती मुदत घालवली. इंटरलॉक मशीनचं (श्वासात दारू असेल तर गाडी सुरू होऊ न देणारं) भाडं आणि ट्रीटमेंटचा खर्च या दोन्ही गोष्टी ६४० मध्ये येत नाहीत, ते वेगळे धरा.

एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर अर्जावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, कोर्टातल्या वकिलावर थांबू नका. केस इथे डिसमिस झाली तरी आधी लिहून दिलेलं गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट इमिग्रेशनवाले वेगळ्या नजरेने बघू शकतात, आणि नुसत्या अटकेवरून पासपोर्टवरचा व्हिसा रद्द झाल्याच्या केसेस आहेत.

रिफंडचा चेक आला त्या दिवशी मी पहिला फोन बाबांना केला. ते म्हणाले, "किती आले?" मी म्हटलं, पूर्ण १५०. "बरं," म्हणाले, आणि मग खूप दिवसांनी पहिल्यांदा विचारलं, "जेवलास का?"