लाईट बिलाच्या मागची आकडेमोड

आज भाची आली होती, मार्केटिंगमध्ये एमबीए करू का विचारायला. हातात कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक. मी म्हटलं, आधी ते बाजूला ठेव. आणि लाईट बिल उलटं करून हिशोब मांडला.

दोन वर्षांची फी ८ लाख. आत्ताची नोकरी २२ हजारांची, ती सोडायची म्हणजे आणखी ५ लाख २८ हजार गेले. हा आकडा कुणीच धरत नाही! ८ लाखांचं कर्ज १०.५ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी, म्हणजे महिन्याला साधारण साडेतेरा हजार हप्ता. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. ते ऐकून पोरीचा चहा थंड झाला.

मग माहितीपत्रक उघडलं. 'सरासरी पॅकेज' ठळक अक्षरात. अगं, वरच्या दोघा-चौघांना भरघोस मिळालं की सरासरी फुगते. पगारांच्या रांगेत बरोबर मधे उभ्या पोराला किती मिळालं, ते विचार. त्यात पक्का पगार किती आणि टार्गेट गाठल्यावरचा इन्सेंटिव्ह किती, तेही. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला सेल्सच येतं, दुकानं पालथी घालणं. (मी स्वतः तीन वर्षं साबण विकलेत, डिग्री नसताना.)

नको कर असं नाही म्हटलं. सीईटी (एमबीएची प्रवेश परीक्षा) दे, मुंबईच्या जमनालाल बजाजसारखं नावाजलेलं कॉलेज मिळालं तर डोळे झाकून जा. नाहीतर नोकरी ठेवून पार्टटाइम बघ.

जाताना बिल घडी घालून पर्समध्ये टाकलं तिने. आता ते भरायचं कसं, हा माझा प्रश्न.