उशाखालच्या चपला

"ताई, चपला बाहेर ठेवायला सांगू नका ना."

मुलींच्या निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलींना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, शिवण शिकवायला जाते मी. आज गाद्या उन्हात टाकताना एकीच्या उशाखाली चपला निघाल्या. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. पंधरा वर्षांची पोर.

"अगं, उशाखाली का?"

"रात्री पळायला लागलं तर?"

इथून नव्हे. घरी असताना पळावं लागायचं, त्याची सवय. इथे येऊन दोन महिने झाले, पण तिची रात्र अजून घरचीच आहे.

काळजीवाहक बाई म्हणाल्या, "हट्टी आहे हो. रात्र रात्र झोपत नाही." त्या वाईट नाहीत, थकलेल्या आहेत. पण जी भीती आहे, तिला आपण हट्ट म्हणतो. मुलगा असा घाबरला तर निदान मारामारी करतो, लक्ष तरी जातं. या पोरी गप्प बसतात.

2015 च्या बाल न्याय कायद्यात, कलम 53 मध्ये, अशा मुलांना गरजेनुसार समुपदेशन आणि मानसिक आरोग्यासाठी मदत द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. इथल्या समुपदेशक महिन्यातून एकदा येतात. एका दुपारी वीस मुली.

चपला मी पुन्हा तिथेच ठेवल्या. तिने उशी वरून दोनदा दाबून बघितली.

आता साडेअकरा वाजलेत. झोपली असेल का ती?